जननीचे सातशे रुपये नक्की कुणाला दवाखान्यात नेतात?

खटावचा_पाव्हणा | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वडूजजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. परवा एक बाई आली, सोबत तिची आई आणि अडीच महिन्यांचं बाळ. "जननीचं पैसं अजून आलं न्हाईत, नर्सबाईंनी परत कागदं मागितल्यात." आधार, पासबुकाचं पहिलं पान, पिवळं रेशन कार्ड, दारिद्र्यरेषेचा दाखला, ते माता-बाल कार्ड दोन्ही बाजूंनी, डिस्चार्जचा कागद. बघतो तर आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. म्हणजे आधी आधार दुरुस्त करा, मग बँकेत जा, मग पुन्हा माझ्याकडं या. तिची ही तिसरी फेरी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, पण प्रत्येक फेरीला आईची खुरपणीची मजुरी बुडते ती वेगळीच. माझं बिल सेहेचाळीस रुपये झालं, मी चाळीस घेतले.

हे सगळं कशासाठी, तर जननी सुरक्षा योजनेच्या ७०० रुपयांसाठी.

मी सहज विचारलं, "पैसे मिळणार म्हणून सरकारी दवाखान्यात गेला होता का?" तर ती हसायलाच लागली. "कळा सुरू झाल्यावर सातशे रुपयं आठवत्यात व्हय कुणाला?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ही योजना 'बायकांनी दवाखान्यात बाळंत व्हावं' म्हणून आहे ना? मग पैशानं कुणी जातं का? तुमच्या घरात, गावात काय अनुभव? आणि जाता जाता: बाईचं माहेर आटपाडी तालुक्यात, बाळंतपण तिकडंच झालं, सासर आमच्याकडं. तिकडचे म्हणतात सासरी मिळतील, इकडचे म्हणतात जिथं डिलिव्हरी तिथं. खरं काय?

एक_ओळ | रविवार, रात्री १०.२१

माहेरचा आहेर सासरी आणि सासरचा माहेरी, सरकारला आपली संस्कृती कळलेली दिसते.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०.५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लोकांना सगळ्याचे पैसे द्यायची सवय लावली आहे. पोर तुमचं, बाळंतपण तुमचं, आणि दवाखान्यात जायला सरकारनं पैसे द्यायचे? आमच्या वाळवा तालुक्यात आता घरी बाळंतपण ऐकायलासुद्धा मिळत नाही. ज्याला जायचंय तो सातशेशिवाय जातोय. बंद करा ना मग.

पुण्यातली_सातारकरीण | रविवार, रात्री ११.०५

@कृष्णाकाठ, माझं दुसरं बाळंतपण साताऱ्यात खाजगीत झालं. सिझर, पाच दिवस, बिल किती ते इथं लिहीत नाही कारण नवरा पण हा धागा वाचतो आणि त्याला मी आणखी कमी सांगितलंय. माझ्या बाबांनी भरलं. त्यांना कुणी विचारलं नाही की पोर तुमचं मग विमा कशाला काढता.

सातशे रुपयांत आज पाव किलो डिंक आणि वरचं तूप येईल फार तर.

डिंकाचा_लाडू | रविवार, रात्री ११.०९

माझं नाव निघालं म्हणून आले. डिंकाचे भाव विचारू नका, रडू येतं. आमच्याकडे आता अळिवाचे करतात.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८.३०

थोडे आकडे ठेवतो, मग भांडा.

जननी सुरक्षा योजना एप्रिल २००५ ची. त्याआधी १९९५ पासून राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना होती, त्यात दारिद्र्यरेषेखालच्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना आधी ३०० आणि पुढं ५०० रुपये मिळत, पण दवाखान्याची अट नव्हती. २००५ ला ती अट आली.

राज्यांचे दोन गट केले. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा, आसाम वगैरे जिथं दवाखान्यात फार कमी बायका जात होत्या, तिथं ग्रामीण भागात १४०० रुपये, आणि सरकारी दवाखान्यात येईल त्या प्रत्येक बाईला. महाराष्ट्र 'बऱ्या' गटात. म्हणून आपल्याकडे ग्रामीण ७००, शहरी ६००, आणि तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना. घरी बाळंत झाली तरी दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ५०० आहेतच.

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं गणित असं: आपल्याकडे दवाखान्यात जाण्याचं बक्षीस खरं म्हणजे ७०० नाही. ७०० वजा ५००. दोनशे रुपये.

मिरजेचा_तंबोरा | सोमवार, सकाळी ८.४४

दोनशे! आमच्याकडे स्टँडपासून दवाखान्यापर्यंत रिक्षावाला अवघडलेली बाई बघून यापेक्षा जास्त सांगतो.

२००५ मध्ये सातशे रुपयांत जवळपास ग्रॅमभर सोनं येत होतं. रक्कम तीच ठेवली आणि सोनं कुठं गेलं बघा. तेव्हा निदान बाळाच्या कानातलं तरी झालं असतं.

नाईट_ड्युटी | सोमवार, दुपारी २.२०

मी पाटण तालुक्यात आरोग्य सेविका होते. १९८८ ला लागले, आता निवृत्त. मोबाईलवर टाइप करते, चुका असतील.

कोयनेच्या पाण्यापलीकडची गावं माझ्याकडे होती. शिवसागरातून लाँचनं जायचं, पुढं चढण. पावसाळ्यात लाँच कधी यायची, कधी नाही. सगळी बाळंतपणं सुईण करायची. त्या बाईच्या हाताला खरंच गुण होता. आडवं मूल फिरवताना मी तिला डोळ्यांनी पाहिलंय. आजकाल सुईणींना अडाणी म्हणायची पद्धत आहे, मला ते आवडत नाही.

पण बाळामागून पडायची ती वार अडकली की तिचाही हात टेकायचा. शहाण्णव की सत्त्याण्णव साल असेल. बाळ छान झालं, रडलं, आणि वार पडेना. रक्त थांबेना. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी तिला खाली आणलं. दीड-दोन तास. लाँच पलीकडच्या काठावर. आम्ही ओरडतोय, कंदील हलवतोय. लाँच आली तोपर्यंत ती गेली होती. बाळ माझ्या पदरात. त्या मुलीचं लग्न झालं गेल्या वर्षी, मला बोलावलं होतं.

आता सातशे रुपयांचं सांगते. त्या रात्री सातशे काय, सात हजार असते तरी लाँच आली नसती. रस्ता नव्हता, फोन नव्हता, गाडी नव्हती. पुढं रस्ते झाले, मोबाईल आले, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली. बायका आल्या त्या यानं आल्या, हे मी छातीठोक सांगते.

तरी पैसे अगदी वाया गेले असं मी म्हणणार नाही. कारण वेगळंच आहे. आधी मी घरात जायची आणि सासूला म्हणायची, सुनेला दवाखान्यात आणा. ती म्हणायची, मला सात झाली घरात, हिला काय सोन्याचं होणारय? माझ्याकडं उत्तर नसायचं. २००५ नंतर मी म्हणायला लागले, "आत्याबाई, सरकार पैसं द्यायला लागलंय, उगाच देईल का? काहीतरी असंल न्हवं?" यावर सासू गप्प बसायची. पैसे किती हे ती विचारायचीच नाही. सरकार ज्याचे पैसे घेत नाही, उलट देतं, ते काम महत्त्वाचं असणार, असं तिला वाटायचं.

आणि तेव्हा पैसे डिस्चार्जच्या दिवशी हातात पडायचे. ते दिसायचे. शेजारणीला दिसायचे.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी ३.०२

ताई, तुमचं लिखाण वाचून गलबलून आलं. पण तुम्हीच सांगताय की रस्ता आणि गाडी. माझा मुद्दा तोच आहे. पैसे रस्त्याला द्या.

आणि हातात मिळायचे तेव्हा त्यातले शंभर कुठं गळायचे हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर खात्यावर आले.

नाईट_ड्युटी | सोमवार, दुपारी ३.१५

गळायचे. खोटं कशाला बोलू. आता गळत नाहीत, आता अडकतात.

एक_ओळ | सोमवार, दुपारी ३.१६

वार आणि पैसे, दोन्ही अडकू नयेत.

पुण्यातली_सातारकरीण | सोमवार, दुपारी ३.२०

@एक_ओळ, ही कोटी नको होती.

एक_ओळ | सोमवार, दुपारी ३.४०

मान्य. माफी.

डॉ_अर्धवेळ | सोमवार, रात्री ९.५५

तीन वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो, आता कराडला खाजगीत आहे, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खायला पात्र आहे.

नाईट_ड्युटी ताईंनी जी वार सांगितली, माता मरण्यात रक्तस्राव हे आपल्याकडचं फार मोठं कारण. बाळ बाहेर आल्यावर लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, पोटावरून गर्भाशय चोळणं, वार पूर्ण आली का बघणं. एवढ्यानं बरंच टळतं. पण ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, द्यायला शिकलेला माणूस लागतो, आणि तरीही रक्त थांबलं नाही तर रक्तपेढी असलेलं हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून आम्ही तीन उशीर मोजतो: घरात ठरवायला झालेला, रस्त्यात झालेला आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला झालेला. सातशे रुपये फार तर पहिल्या उशिराला हात लावतात. दुसऱ्याला १०८ आणि १०२ च्या गाड्या. तिसऱ्याला पैसे देऊन काही होत नाही. रात्री अडीचला भूलतज्ज्ञ हजर पाहिजे, बस्स.

अभ्यासांचं म्हणाल तर २०१० साली लॅन्सेटमध्ये या योजनेचा देशभरातला एक मोठा अभ्यास आला होता. त्यात दवाखान्यातली बाळंतपणं वाढलेली दिसली, जन्माच्या आसपासचे बालमृत्यूही काहीसे कमी झालेले दिसले. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. सगळ्यात गरीब आणि सगळ्यात कमी शिकलेल्या बायकांनाच पैसे मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असायला हवी होती, तसं दरवेळी नव्हतं. पाव्हण्याच्या दुकानातली बाई आठवा.

आकडेमोड | सोमवार, रात्री १०.३०

डॉक्टरसाहेबांच्या मुद्द्याला जोड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला देशात दवाखान्यातली बाळंतपणं ३८.७ टक्के होती. २०१५-१६ ला ७८.९, आणि २०१९-२१ ला ८८.६. महाराष्ट्रात ६४.६, मग ९०.३, मग ९४.७.

आता बघा, आपल्याकडे दर दहा बायकांपैकी बहुतेक जणींना ही योजना लागूच नाही. तरी आकडा ९४.७. म्हणून मी म्हणतो की इथं पैशानं नाही झालं. उत्तरेकडे १४०० नं थोडं झालं असेल.

मातामृत्यू: २००४-०६ ला महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १३०, २०१८-२० ला ३३. देशात २५४ वरून ९७.

मिरजेचा_तंबोरा | सोमवार, रात्री १०.४१

आणि सिझर? तो आकडा पण टाका की. तुमचे डॉक्टर अर्धवेळ आहेत तोवर.

आकडेमोड | सोमवार, रात्री १०.४८

२०१९-२१ ला महाराष्ट्रात २५.४ टक्के. धाग्याचा विषय नाही, पण विचारलंत म्हणून.

डॉ_अर्धवेळ | सोमवार, रात्री १०.५५

त्यावर वेगळा धागा काढा, मी हेल्मेट घालून येतो.

चेन्नईचा_सांगलीकर | मंगळवार, सकाळी ७.१०

मूळचा तासगावचा, पोटापाण्यासाठी चेन्नईत. तामिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डींच्या नावानं योजना आहे, १९८७ पासून. आता गरीब बाईला रोख आणि पोषण किट मिळून १८,००० रुपये मिळतात, टप्प्याटप्प्यानं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला मिळाले. तिथं ते 'दवाखान्यात ये म्हणून लालूच' असं कुणी म्हणत नाही. बाळंतिणीची मजुरी बुडते, तिनं खायला पाहिजे, म्हणून देतात असं मानतात. नावातच फरक आहे बघा: तुम्ही त्याला प्रोत्साहन म्हणता म्हणून तुम्हाला परिणाम मोजावासा वाटतो. भरपाई म्हटलं की प्रश्न बदलतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.००

हे पटलं थोडंसं. भरपाई म्हणा, पण मग सातशे ही भरपाई नाही, थट्टा आहे.

जतची_आशा | मंगळवार, दुपारी १.३५

मी जत तालुक्यात आशा सेविका आहे. पूर्व भागात. माझ्या निम्म्या बायका घरात कन्नड बोलतात, त्यामुळं मी मराठीत फॉर्म भरते आणि कन्नडमध्ये भांडते.

वर कुणीतरी पैसे गळतात-अडकतात म्हणालं. मी सांगते कसे अडकतात. बाईच्या ७०० शिवाय आशाला ग्रामीण भागात ६०० आहेत, ३०० गरोदरपणात तपासण्या करून घेतल्याचे आणि ३०० दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे. लोकांना वाटतं आशाला चांदी आहे. पण बाई योजनेत बसली तरच. आणि योजनेत बसायला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव पाहिजे, ती यादी २००२ च्या सर्वेक्षणाची! तेव्हा जी पोरगी शाळेत जात होती ती आता बाळंत होतेय. यादीत नाव आहे तिच्या आजेसासऱ्याचं, तो वारला, चार भाऊ वेगळे झाले, रेशन कार्ड फोडलं, केशरी झालं. घरात पत्र्याची खोली आणि दोन शेळ्या, पण कागदावर गरीब नाहीत. शेजारचा, ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे, तो यादीत.

मी नऊ महिने त्या बाईच्या मागं फिरते. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी, दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी. शेवटी पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी जाते. तिकडं दुसरी आशा. माझे तीनशे गेले. वाईट वाटतं पण बाई सुखरूप मोकळी झाल्याचा फोन आला की मी पण पेढे मागते.

रात्री बाराला फोन येतो तेव्हा कोणी विचारत नाही आशाताई तुझं जेवण झालं का. १०८ ला फोन लावते, रस्ता सांगते, सोबत जाते. सकाळी एसटीनं परत. पण एक खरंय. सातशे रुपये मिळणार हे मी बायकांना सांगणंच बंद केलंय. सांगितलं आणि आले नाहीत तर त्या मलाच धरतात. मागं एकीच्या खात्यावर आले, पण खातं जुनं, मिनिमम बॅलन्स नाही म्हणून बँकेनं चार्ज कापला. हातात काही नाही. ती मला म्हणाली, तूच खाल्लेस.

नाईट_ड्युटी | मंगळवार, दुपारी २.०५

बाई गं. हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

पुण्यातली_सातारकरीण | मंगळवार, दुपारी २.१२

ताई, मग तुम्ही बायकांना काय सांगून आणता?

जतची_आशा | मंगळवार, दुपारी २.४०

फुकट आहे हे सांगते. ते खरं आहे आणि त्याचा उपयोग होतो. २०११ पासून जननी शिशु सुरक्षामध्ये सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझरही फुकट, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, आणायला गाडी आणि घरी सोडायला पण गाडी. सासूला मी म्हणते, घरी सोडायला गाडी येते. दारात गाडी येऊन सून-नातू उतरतात याचं सासूला लई कौतुक. सातशेपेक्षा ती गाडी भारी.

आणि पाच हजारवाली वेगळी. ती मातृवंदना योजना. त्याचा फॉर्म मी भरून घेते, कारण ती यादीत नसलेल्या बऱ्याच जणींना बसते. आता दोन हप्त्यांत येते, तीन आणि दोन हजार. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार. बायका 'सातशेवाले' आणि 'पाच हजारवाले' अशी नावं घेतात.

एक_ओळ | मंगळवार, दुपारी २.४४

सासू हीच खरी नोडल ऑफिसर.

नाईट_ड्युटी | मंगळवार, दुपारी २.५०

हे मात्र अगदी खरं.

कोयता | मंगळवार, रात्री ११.२०

मी बीड जिल्ह्यातला. वाचत होतो, लिहावं की नाही कळत नव्हतं. आमचं घर दरवर्षी सांगली जिल्ह्यात ऊस तोडायला येतं. मी बारावीनंतर सुटलो त्यातून, भाऊ-वहिनी अजून येतात. दसरा झाला की निघतात, पाडव्याला परत.

तुम्ही सगळे सातशे मिळतात की नाही बोलताय. आमच्याकडं हिशेब उलटा आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते जोडीची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण बसला तर तोड अर्धी पडते आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. आमच्याकडं दिवसाचा खाडा पाचशे धरला होता मागच्या हंगामात. म्हणजे वहिनी दोन दिवस दवाखान्यात थांबली तर हजार उचलीत चढले. सातशे मिळाले तरी तीनशे अंगावर. आणि सातशे मिळणार कुठून? दारिद्र्यरेषेचा दाखला गावाकडं, रेशन कार्ड गावाकडं, आशा गावाकडं, माता-बाल कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी गावाकडं.

मोठा पुतण्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीतच झाला. पहाटे चारला कळा, सहाला बाळ. टोळीतल्या म्हातारीनं नाळ कापली. बाराव्या दिवशी वहिनी मोळ्या बांधत होती.

आमच्या भागातल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ ला आल्या होत्या, तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा सगळे हळहळले. त्याचं मूळ पण हेच, खाडा.

वहिनीला परत दिवस गेलेत. म्हणून धागा उघडला.

पुण्यातली_सातारकरीण | मंगळवार, रात्री ११.३२

काय बोलावं कळत नाही.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ७.५०

मी परवा जे ९४.७ लिहिलं त्याकडे आता वेगळ्या नजरेनं बघतोय. उरलेल्या ५.३ टक्क्यांत कोण आहे ते मी विचारलंच नव्हतं.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८.१५

आमच्या शिवारात दरवर्षी टोळ्या उतरतात. कोपीत बाळ झालेलं मी पण पाहिलंय, बायकोनं जुन्या साड्या आणि गूळ पाठवला होता. आणि रविवारी मीच इथं लिहिलं, की वाळवा तालुक्यात घरी बाळंतपण ऐकायला मिळत नाही. कोपी माझ्या डोक्यात 'घर' म्हणून आलीच नाही.

बंद करा म्हणालो होतो ते मागं घेतो. पण सातशे वाढवून हे सुटेल असंही वाटत नाही. खाड्याचा दिवस कोण भरणार? कारखाना? मुकादम? सरकार?

मिरजेचा_तंबोरा | बुधवार, सकाळी ९.२०

सहावा, सातवा, आता आठवा वेतन आयोग. बाळंतिणीला सातशे ते सातशेच. आज विनोद सुचत नाहीये.

डॉ_अर्धवेळ | बुधवार, दुपारी १२.३०

कोयता, एक स्पष्ट करतो, इतरांनाही उपयोगी पडेल. दवाखान्यातलं बाळंतपण फुकट मिळायला दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही, जिल्हाही बघत नाहीत. कुठलीही गरोदर बाई कुठल्याही सरकारी दवाखान्यात. सातशेचे कागद नसले तर सातशे जातील, बाळंतपण जाणार नाही. मी असताना टोळीतल्या बायका यायला घाबरायच्या, कागद नाहीत म्हणून परत पाठवतील असं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर एकदोनदा केस-पेपरच्या खिडकीवर तसं झालंही. मला उशिरा कळलं.

हंगामात आलात की पहिल्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात नाव घालून घ्या. गावाकडच्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यावरचा नोंदणी नंबर असला की आधीच्या तपासण्या सापडतात. पहिलं बाळ कोपीत झालं, तेव्हा रक्त फार गेलं होतं का, हे वहिनींना आवर्जून विचारा आणि नर्सला सांगा.

खटावचा_पाव्हणा | बुधवार, रात्री ९.१०

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. दुकानातून एक-एक वाचत होतो, गिऱ्हाईक उभं राहायचं.

माझा मूळ प्रश्न होता की सातशेनं कुणी जातं का. वाचून वाटतंय की प्रश्न मीच उलटा धरला होता. जी जाणारच आहे तिला ते उशिरा मिळतात, आणि जिला खरी अडचण आहे तिच्यापर्यंत ते पोचायची वाटच नाही.

माझ्या बाईचं काय करू ते मात्र कुणी सांगितलं नाही. माहेर की सासर?

नाईट_ड्युटी | बुधवार, रात्री ९.३५

राहिलं खरं. जिथं बाळंतपण झालं त्या दवाखान्यानं पैसे द्यायचे असतात. म्हणजे आटपाडीकडचे. तिला म्हणावं डिस्चार्जचा कागद आणि माता-बाल कार्ड घेऊन त्याच केंद्रात जा, नर्सबाईला भेट, क्लार्कला नको. आधारवरचं आणि खात्यावरचं नाव जुळल्याशिवाय पाठवू नको, नाहीतर परत येईल. खात्याला आधार लिंक आहे का ते तुमच्याच दुकानात बघता येईल ना?

खटावचा_पाव्हणा | बुधवार, रात्री ९.४१

येईल. उद्या येणार आहे ती. झेरॉक्सचे पैसे या वेळी घेत नाही.

मिरजेचा_तंबोरा | बुधवार, रात्री ९.४३

खटावात दुकानदार झेरॉक्स फुकट देतोय. हीच खरी ब्रेकिंग न्यूज.

डिंकाचा_लाडू | बुधवार, रात्री ९.५०

तिला विचारा डिंकाचे करून पाठवू का. खरंच विचारतेय.

जतची_आशा | गुरुवार, सकाळी ६.४५

@कोयता, भाऊ, काल रात्री एका बाईला घेऊन गेले होते, आत्ता वाचलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

तुमच्या वहिनीला कितवा महिना? कारखान्याचं नाव इथं लिहू नका, नुसता तालुका सांगा. तिकडच्या गटप्रवर्तक, म्हणजे आशांवर देखरेख ठेवणाऱ्या बाई, माझ्या ओळखीच्या निघतील. टोळी उतरली की दुसऱ्या दिवशी कोपीवर आशा जाईल असं बघते. आणि गावाकडची पेटी उघडून कार्ड आत्ताच काढून घ्यायला सांगा, निघताना गडबडीत राहतं.

कोयता | गुरुवार, सकाळी ७.३०

सातवा लागलाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे ताई. दादाला फोन लावतोय, पेटीची किल्ली आईकडं असते.